ऑकलंड ए'जचा इतिहास कुणाचा? मालकाचा की शहराचा?

साळुंकी (धागा लेखिका):

२६ सप्टेंबर २०२४ ला कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडच्या कोलिझियम मैदानावर ए'जचा, म्हणजे अ‍ॅथलेटिक्स या मेजर लीग बेसबॉल संघाचा, शेवटचा घरचा सामना झाला. टेक्सास रेंजर्सना ३-२ हरवलं आणि ते बघायला ४६,८८९ माणसं आली होती. १९६८ पासूनचे ५७ हंगाम तिथे संपले. आता हा संघ वेस्ट सॅक्रामेंटोत एका मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या पातळीच्या, मैदानावर खेळतो. नावाआधी कुठल्याच शहराचं नाव लावत नाही, नुसतं 'अ‍ॅथलेटिक्स'. लास वेगासमध्ये जुन्या ट्रॉपिकाना हॉटेलच्या जागेवर नवं स्टेडियम बांधायला घेतलंय आणि २०२८ ला तिकडे जायचं ठरलंय.

जावं की जाऊ नये, यावर धागा काढण्यात अर्थ नाही, ते झालं. माझं म्हणणं त्यापुढचं आहे. संघ गेला तरी ऑकलंडचा इतिहास त्याच्या सामानात जाऊ नये. १९७२, १९७३, १९७४ आणि १९८९ ची चार वर्ल्ड सिरीज (लीगची अंतिम लढत) विजेतेपदं, आमचे खेळाडू रिकी हेंडरसनचा २४ आणि कॅटफिश हंटरचा २७ हे जर्सीवरचे नंबर, 'ए'ज' हे नाव, तो हिरवा-सोनेरी रंग, हे सगळं ऑकलंडच्या नावावर राखून ठेवावं. लास वेगासने नवं नाव घ्यावं, नवे रंग घ्यावेत आणि पहिल्या पानापासून सुरुवात करावी.

हे काही स्वप्नरंजन नाही. मालक आर्ट मोडेलनी क्लीव्हलंडचा ब्राउन्स हा फुटबॉल संघ बाल्टिमोरला हलवला तेव्हा शहर कोर्टात गेलं. १९९६ ला तडजोड झाली आणि ब्राउन्स हे नाव, रंग, सगळे विक्रम क्लीव्हलंडमध्येच राहिले. बाल्टिमोरचा संघ रेव्हन्स झाला. १९९९ ला क्लीव्हलंडला नवा संघ मिळाला, तो पुन्हा ब्राउन्स म्हणूनच मैदानात उतरला.

ऑकलंडने या संघाला काय दिलं ते बघा. रिकी लहानपणी ऑकलंडला आला, ऑकलंड टेक शाळेत शिकला. १ मे १९९१ ला लू ब्रॉकचा विक्रम मोडत त्याने ९३९ वा बेस चोरला (फटका नसताना धावून पुढचा बेस गाठला), तो याच मैदानावर. १९८९ च्या वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू डेव्ह स्ट्युअर्ट जन्माने ऑकलंडचा. प्रेक्षकांनी ओळीने उठून हात वर करायची ती लाट आता जगभरच्या मैदानांत उठते. १५ ऑक्टोबर १९८१ ला याच कोलिझियमवर क्रेझी जॉर्ज या चीअरलीडरने ती उठवली होती. उजव्या बाजूच्या स्वस्त बाकांवर ढोल वाजवत बसणारी माणसं संघ हरत असतानाही येत राहिली.

जॉन फिशर आणि ल्यू वोल्फ यांनी २००५ ला १८ कोटी डॉलरना हा संघ घेतला. त्यांनी धंदा विकत घेतला. दुकान विकलं म्हणजे दुकानासमोरच्या कट्ट्यावरची पन्नास वर्षांची बैठक विकली जात नाही.

तुम्हाला काय वाटतं?

---

फिलीकर:

साळुंकीताई, तळमळ पोचली, पण मुद्दा अजिबात पटला नाही.

मी फिलाडेल्फियाजवळ राहतो. ए'ज १९०१ पासून १९५४ पर्यंत आमचे होते. कॉनी मॅकनी सलग ५० हंगाम हा संघ चालवला. कुठल्याही मोठ्या अमेरिकन खेळात एका माणसाने एका संघाचं व्यवस्थापन इतकी वर्षं केलेलं नाही. १९१०, १९११, १९१३, १९२९ आणि १९३० अशी पाच विजेतेपदं इथे आली, म्हणजे ऑकलंडपेक्षा एक जास्तच. जर्सीवरचा हत्तीही इथलाच. १९०२ ला न्यूयॉर्क जायंट्सच्या जॉन मॅकग्रॉनी या संघाला 'पांढरा हत्ती' म्हणून हिणवलं आणि मॅकनी तोच हत्ती चिन्ह म्हणून मिरवला.

तुमच्या नियमाने गेलो तर 'ए'ज' हे नाव १९५४ लाच फिलाडेल्फियात ठेवायला हवं होतं. मग ऑकलंडचा संघ कुठल्या नावाने खेळला असता? ऑकलंडने ५७ वर्षं जे नाव छातीवर लावलं, ते दोन शहरं सोडून आलेलं होतं. तेव्हा ऑकलंडमध्ये कुणी म्हणालं नाही की हे दुसऱ्याचं आहे, परत करा.

आणि ज्या रंगांबद्दल तुम्ही बोलताय ते तरी ऑकलंडचे कुठे? तेव्हाचे मालक चार्ली फिनली यांनी हिरवा-सोनेरी पोशाख १९६३ ला आणला. तेव्हा संघ कॅन्सस सिटीत होता.

इतिहास संघाच्या मागे जातो. जिथून जिथून गेला ती सगळी गावं त्यात राहतात. तो तोडायला लागलात की फिलाडेल्फियाचा मॅक एका कपाटात, कॅन्सस सिटी अडगळीत आणि ऑकलंडचा रिकी तिसरीकडेच.

---

वेताळटेकडी:

साळुंकी, पूर्ण सहमत. आपल्या आयपीएलमधला पुणे वॉरियर्स तीन हंगामांत गुंडाळला गेला, मग रायझिंग पुणे आला. २०१७ ला फायनलमध्ये मुंबईकडून एका धावेने हरला आणि लगेच तोही संपला. गहुंजेला जाऊन ओरडलेल्यांना काय उरलं? इथे निदान सांभाळून ठेवण्यासारखं काही आहे, ते ठेवावं.

---

हिशोबनीस:

भावनेचा मान राखून सांगतो, चर्चेत एक गोष्ट आलेलीच नाही. लोक मैदानात येत नव्हते.

२०२२ च्या अख्ख्या हंगामात प्रेक्षकसंख्या ८ लाखांच्या आत होती. त्याच खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोचे जायंट्स त्याच्या कितीतरी पट लोक खेचत होते. ऑकलंडचा बास्केटबॉल संघ वॉरियर्स २०१९ ला सॅन फ्रान्सिस्कोला गेला, फुटबॉल संघ रेडर्स २०२० ला लास वेगासला. तीन संघ पाच-सहा वर्षांत एका शहरातून निघून जातात, तेव्हा फक्त तीन मालकांना बोल लावून चालणार नाही. कोलिझियममध्ये सांडपाणी ड्रेसिंग रूमपर्यंत यायचं. २०२३ ला समालोचकांच्या कक्षात पॉसम हा जंगली प्राणी शिरला होता. व्यावसायिक संघ अशा जागेत किती वर्षं चालवायचा?

नेवाडाने ३८ कोटी डॉलरपर्यंत सार्वजनिक पैसा द्यायचं कबूल केलं. जे शहर-राज्य खर्च उचलतं, त्याच्याकडे संघ जातो. आणि संघाबरोबर त्याची ओळखही जाते, कारण लास वेगास तीसुद्धा विकत घेतंय. नऊ विजेतेपदं असलेला संघ आणि कोरी पाटी असलेला संघ यांची किंमत सारखी नसते.

---

साळुंकी:

हिशोबनीस, प्रेक्षक का आले नाहीत, हे सांगितल्याशिवाय तो आकडा ठेवणं अन्यायाचं आहे. त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

१९७९ मध्ये फिनलींच्या काळात हा संघ १०८ सामने हरला. वर्षभरात ३,०६,७६३ लोक आले आणि १७ एप्रिलला तर मैदानात अवघे ६५३ प्रेक्षक होते. त्या आधीच्या चार-पाच वर्षांत काय झालं होतं? लागोपाठ तीन विजेतेपदं मिळवणारा संघ मोडला गेला होता. हंटरच्या करारातली अट फिनलींनी पाळली नाही, तो मोकळा होऊन यँकीजकडे गेला. १९७६ ला जो रूडी, रॉली फिंगर्स आणि व्हायडा ब्लू यांना रोख पैशांवर विकायला काढलं, शेवटी बेसबॉलचे आयुक्त बोवी कुन यांना ती विक्री रद्द करावी लागली. मग एकेक करून सगळे गेलेच. कोण येणार होतं बघायला?

आता पुढचं बघा. १९८० ला लीव्हाय स्ट्रॉसच्या हास कुटुंबाने संघ घेतला. शहर तेच, मैदान तेच, रेल्वे स्टेशनवरून मैदानात नेणारा तो पादचारी पूलही तोच. १९९० ला २९ लाख लोक आले. दहा-अकरा वर्षांत नऊपट! ऑकलंडचे लोक बेसबॉल बघत नाहीत, असं म्हणणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी ठेवावेत.

कोलिझियमची दशाही आपोआप झाली नाही. १९९५ ला रेडर्सना परत आणण्यासाठी सेंटर फील्डच्या मागे बाकांचा प्रचंड डोंगर उभा केला. त्याने मागच्या टेकड्यांचं दृश्य झाकलं आणि बेसबॉलचं मैदान बेसबॉलसाठीच गैरसोयीचं झालं. लोक त्याला माउंट डेव्हिस म्हणायचे. त्याचं कर्ज शहर आणि परगणा पुढे कितीतरी वर्षं फेडत राहिले, रेडर्स परत निघून गेल्यावरसुद्धा. म्हणून ऑकलंड पुढच्या मालकाला कोरा चेक देताना बिचकलं. मला तरी त्यात शहाणपणच दिसतं.

आणि २०२२? त्या वर्षीच्या मोसमाआधी मॅट ओल्सन, मॅट चॅपमन, ख्रिस बॅसिट, शॉन मनाया हे सगळे काही आठवड्यांत दुसऱ्या संघांना दिले. हंगामी तिकिटांचे दर मात्र वाढवले. संघ १०२ सामने हरला, पुढच्या वर्षी ११२. आधी माणसांना घालवायचं आणि मग माणसं येत नाहीत म्हणून शहर सोडायचं, हा क्रम लक्षात घ्या.

१३ जून २०२३ ला चाहत्यांनी उलटा बहिष्कार केला. मुद्दाम मैदान भरायचं ठरवलं. मंगळवारची रात्र, देशातल्या सगळ्यात वाईट संघांपैकी एक, तरी २७,७५९ लोक आले. 'विका' असं लिहिलेले हिरवे शर्ट घालून आले. पाचव्या इनिंगला आधी सगळे गप्प राहिले आणि मग 'संघ विका' अशी एकच घोषणा दिली. सामना रेज संघाविरुद्ध २-१ जिंकला. नोव्हेंबरमध्ये लीगमधल्या संघमालकांनी ३० विरुद्ध ० मतांनी स्थलांतर मंजूर केलं. तीस मालकांपैकी एकालाही त्या लोकांसाठी हात वर करावासा वाटला नाही.

फिलीकर, रंगांचा मुद्दा बरोबर आहे, ते कॅन्सस सिटीतून आले. पण त्या रंगात पहिली ट्रॉफी उचलली गेली ती ऑकलंडच्या संघाकडून. कॅन्सस सिटीत हा संघ १३ हंगामांत एकदाही जिंकलेले सामने हरलेल्यांपेक्षा जास्त करू शकला नव्हता.

---

कॅन्ससवाला:

अहो ताई, जिंकले नाहीत म्हणून त्या तेरा वर्षांवर आमचा हक्क कमी होतो का? हे वाक्य मला लागलं. मी इथे पुष्कळ वर्षं आहे आणि म्युनिसिपल स्टेडियममध्ये ए'ज बघितलेल्या म्हाताऱ्या माणसांबरोबर बसलो आहे. सॅचेल पेजनी जवळपास साठीच्या वयात १९६५ ला ए'जसाठी तीन इनिंग टाकल्या आणि एकही धाव दिली नाही, ते इथे. बर्ट कॅम्पानेरिस एकाच सामन्यात नऊच्या नऊ जागांवर खेळला, तेही इथेच. हरणाऱ्या संघावर केलेलं प्रेम मोजायचं नाही असं ठरवलं, तर ऑकलंडची २०२२ आणि २०२३ ही वर्षंही पुसावी लागतील.

पण मला दुसरंच सांगायचं आहे. क्लीव्हलंडचं उदाहरण चांगलं असलं तरी बेसबॉलमधलं खरं उदाहरण आमचं आहे. फिनलींनी १९६७ ला ऑकलंडची परवानगी मिळवली तेव्हा सिनेटर स्टुअर्ट सिमिंग्टन खवळले. बेसबॉलला १९२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट आहे. सिमिंग्टननी तीच सवलत काढून घेण्याची धमकी दिली. लीगने नवा संघ १९७१ पर्यंत द्यायचं म्हटलं होतं, तो १९६९ लाच आला. रॉयल्स. १९८५ आणि २०१५ ला वर्ल्ड सिरीज जिंकले. आमच्याकडे आज कुणी ए'जचं नाव परत मागत नाही, कारण गरजच उरली नाही.

ऑकलंडने नाव मागण्यापेक्षा संघ मागावा. २०२३ ला बार्बरा ली यांनी संसदेत विधेयक आणलं होतं, की संघ हलवणाऱ्या मालकाने सोडलेल्या शहराला भरपाई द्यावी, नाहीतर ती सूट जाईल. ते पुढे सरकलं नाही. त्याच ली आता ऑकलंडच्या महापौर आहेत. दाब द्यायचा तर तिथे द्यावा.

---

मिशन पीक:

फ्रीमाँटहून लिहितोय. ए'जचं स्टेडियम एकदा आमच्या गावात येणार होतं, हे इथल्या नव्या मराठी कुटुंबांना माहीतही नसतं. २००६ ला घोषणा झाली, फेब्रुवारी २००९ ला योजना बारगळली. स्थानिक रहिवाशांनी आणि दुकानदारांनी विरोध केला होता आणि तो विरोध मला आजही रास्त वाटतो. तेव्हा वॉर्म स्प्रिंग्सचं रेल्वे स्टेशन नव्हतं, ते २०१७ ला झालं. हजारो गाड्या रोज संध्याकाळी कुठे जाणार होत्या?

मग सॅन होजे. तिथलं शहर तयार होतं, पण तो भाग जायंट्सच्या हक्काचा निघाला. गंमत नाही, खरी चीड आणणारी गोष्ट आहे: १९९० च्या आसपास जायंट्सना दक्षिणेकडे जायचं होतं तेव्हा वॉल्टर हास यांनी तो भाग त्यांना एक पैसाही न घेता मोकळा करून दिला. जायंट्स तिकडे गेले नाहीत, पण हक्क मात्र ठेवून घेतला. सॅन होजेने २०१३ ला खटला भरला आणि कॅन्ससवाल्यांनी सांगितलेल्या त्याच १९२२ च्या सुटीमुळे हरलं.

मग ऑकलंडच्या बंदरातली हॉवर्ड टर्मिनलची जागा. जुलै २०२१ ला ऑकलंडच्या नगरपरिषदेने मसुदा मंजूर केला, तो संघाला मान्य झाला नाही, वाटाघाटी चालत राहिल्या आणि एप्रिल २०२३ ला लास वेगासच्या जागेची बातमी आली. एवढ्या पंधरा-सोळा वर्षांत प्रत्येक दाराला वेगळं कुलूप होतं. सगळं एकट्या फिशरांवर ढकललं की लीगचा आणि जायंट्सचा वाटा लपतो. माझा राग जास्त लीगवर आहे.

इतिहासाबद्दल मी फिलीकरांच्या बाजूने. माझी मुलगी सॅक्रामेंटोला जाऊन ए'जच्या निक कर्ट्झला बघते. तिच्यासाठी तो ए'जच आहे. तिला सांगू का की हा वेगळा संघ, तुझा नाही?

---

साळुंकी:

कॅन्ससवाला, तेरा वर्षांवरचा तुमचा हक्क मी नाकारत नाही. पेज आणि कॅम्पानेरिस कॅन्सस सिटीचेच. मी तर म्हणते प्रत्येक शहराचं त्याचं त्याला द्या. फिलाडेल्फियाची पाच, ऑकलंडची चार. १९०१ पासूनची सलग माळ दाखवून 'नऊ वेळचे विजेते' म्हणत लास वेगासमध्ये तिकिटं विकली जातील, त्याला माझा विरोध आहे. हिशोबनीसांनीच लिहिलंय, लास वेगास ओळख विकत घेतंय. विकणाऱ्याला ती कुणी दिली होती?

मिशन पीक, तुमच्या मुलीने कर्ट्झला जरूर बघावं. चार होमरन एका सामन्यात मारणाऱ्या पोराला कुणीही बघावं. पण सॅक्रामेंटोत त्यांच्या जर्सीच्या एका बाहीवर सॅक्रामेंटोचं चिन्ह आहे, दुसरीवर लास वेगासचं. ऑकलंडसाठी तिसरी बाही नाही. जिथे ५७ वर्षं राहिले त्या गावाचं नाव पुसून टाकणारा संघ त्या गावाच्या चार ट्रॉफ्या बरोबर घेऊन फिरणार, हे मला सहन होत नाही.

नव्या संघाचं म्हणाल तर मागावा, जरूर मागावा. पण तोपर्यंत नाव राखून ठेवलं नाही, तर नवा संघ आला तरी तो ए'ज कसा होणार? क्लीव्हलंडने आधी नाव राखलं, मग संघ आला. सिअ‍ॅटलने २००८ ला त्यांचा बास्केटबॉल संघ सॉनिक्स ओक्लाहोमाला जाताना नाव आणि रंग सोडले नाहीत.

---

हिशोबनीस:

सिअ‍ॅटलने नाव राखलं, पण इतकी वर्षं ते नाव घालून खेळणारा एकही माणूस नव्हता. २००८ ला जन्मलेलं सिअ‍ॅटलचं पोर मोठं झालं, त्याने सॉनिक्सचा घरचा एक सामना पाहिलेला नाही. क्लीव्हलंडलाही नाव मिळालं ते संघाच्या लेखी हमीबरोबर. हमीशिवायचं नाव म्हणजे नुसतं कागदावरचं समाधान. ऑकलंडला तशी हमी मिळण्याची चिन्हं मला दिसत नाहीत.

हास यांच्याबद्दलही पुरतं सांगायला हवं. ती २९ लाखांची वर्षं त्या कुटुंबाने पदरचे पैसे घालून आणली. ते शहरावरच्या प्रेमापोटी होतं, आणि १९९५ नंतर तसा मालक ऑकलंडला पुन्हा मिळाला नाही. शहराने प्रत्येक वेळी हास मिळेल अशी आशा धरणं, ही व्यवस्था नव्हे.

---

रानमेवा:

मी वेस्ट ऑकलंडजवळ राहते. वर कुणीच बॉलर्सचं नाव घेतलं नाही, म्हणून लिहिते. २०२४ ला पायोनियर लीगमध्ये ऑकलंड बॉलर्स नावाचा संघ सुरू झाला, रेमंडी पार्कमध्ये खेळतो. चाहत्यांनी त्यात छोट्या छोट्या रकमांचे हिस्से घेतलेत. रंग हिरवा. कोलिझियममधले ढोलवाले तिथे आले. २०२५ ला त्यांनी लीग जिंकली. मेजर लीगच्या कितीतरी पायऱ्या खाली आहे, मान्य आहे, पण मालकाने एका रात्रीत दुसऱ्या राज्यात नेऊन ठेवावा असा हा संघ नाही.

साळुंकी, मला त्या चार ट्रॉफ्यांच्या कागदपत्रांपेक्षा रिकीच्या नावाचं मैदान वापरात राहणं जास्त महत्त्वाचं वाटतं. कोलिझियमच्या मैदानाला २०१७ ला त्याचं नाव दिलं होतं. २० डिसेंबर २०२४ ला तो गेला, संघाने शहर सोडून तीन महिनेही झाले नव्हते. त्या जागेचं पुढे काय होईल, तिथे मुलांना खेळायला काही राहील का, यावर ऑकलंडकरांनी ताकद लावावी.

---

फिलीकर:

रानमेवा, हे पटलं, पण साळुंकीताईंच्या मूळ मागणीला मी अजूनही नाहीच म्हणतो.

हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या संग्रहालयात, रिकीच्या फलकावर ऑकलंडची टोपी आहे, फिंगर्स आणि एकर्स्ली या ए'जच्याच खेळाडूंच्याही. तिथून ऑकलंड कुणी काढू शकत नाही. आमच्या इथे कॉनी मॅकचा पुतळा फिलीज या शहरातल्या दुसऱ्या बेसबॉल संघाच्या स्टेडियमबाहेर उभा आहे, म्हणजे ए'जच्या माणसाला त्यांच्या जुन्या शेजारी संघाने जागा दिली. संघ जाऊन सत्तर वर्षं झाली, तरी नावाचा एकही कागद आमच्याकडे नसताना हे झालं. ऑकलंडने स्ट्युअर्टचा, रिकीचा पुतळा उभारावा. लीगची परवानगी लागत नाही.

---

साळुंकी:

पुतळा उभारावाच. आणि नावाची मागणीही सोडू नये. मॅकचा पुतळा फिलाडेल्फियाने उभारला तेव्हा शहरात फिलीज होते, मेजर लीग बेसबॉल चालू होतं. ऑकलंडमध्ये आज तिन्ही मोठ्या खेळांपैकी एकही संघ नाही. दोन्ही शहरांना एकच माप लावू नका.

बार्बरा ली यांच्या कार्यालयाला पत्र लिहिणार आहे, त्यात तीन गोष्टी मागेन: भरपाईच्या विधेयकाला पुन्हा चालना, लास वेगासच्या जाहिरातीत ऑकलंडची चार वर्षं ऑकलंडच्या नावानिशीच, आणि कोलिझियमच्या जागेवर रिकीच्या नावाचं मैदान. 'ए'ज' या नावाबद्दल इथे एकमत नाही, त्यामुळे ते मी माझ्या एकटीच्या सहीने वेगळं मागेन. खाडीभागात राहणाऱ्यांपैकी ज्यांना पहिल्या तीनवर सही करायची असेल त्यांनी इथेच कळवा.

---

मिशन पीक:

तिन्हींवर माझी सही धरा. चौथ्यावर नाही.